काठावरचा बोकड

हे मी लिहिणारच नव्हतो. अस्खातनं दम दिला होता, लिहिलंस तर आमच्या घरचा चहा तुला बंद. पण ऊलझान म्हणाली, लिही. आणि आमच्या ह्या कझाक गावात, झारकेंतमध्ये, ऊलझानला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.

तर. तालमीत परत तेच झालं. पडद्यावर लाकडी बोकड खडकाच्या काठावर उभाच, आणि अस्खातनं दोन तारांच्या दोंब्र्यावर उडीचा ठोका देऊनसुद्धा टाकलेला. मग बोकडानं उडी मारली. तेव्हा दोंब्रा गप्प.

"तुझा बोकड उशीर करतो," अस्खात म्हणाला.

"माझा बोकड बरोब्बर आहे. तुलाच घाई."

"तिथली थोडी चित्रं काप ना. कुणाला कळणारे?"

"मला."

दोघंही नववीतले. सुट्टीच्या शिबिरात जोड्या लावल्या होत्या. एकानं दोन मिनिटांचा ॲनिमेशनपट करायचा, दुसऱ्यानं त्याला संगीत द्यायचं. ऊलझाननं घरातला जुना ओरतेके घेतला, म्हणजे डफावर नाचणारा लाकडी बोकड. तो जरासा हलवायचा, फोटो काढायचा. परत जरासा हलवायचा, परत फोटो. तिची अख्खी सुट्टी त्यात गेली. खुरांची टकटकसुद्धा तिनंच डफावर वाजवून भरली. आज संध्याकाळी गावासमोर पिक्चर दाखवायचा आणि अस्खातनं पडद्याशेजारी बसून वाजवायचं. जुळलं तर उद्या सकाळी रेकॉर्डिंग, आणि पिक्चर अल्माटीच्या महोत्सवात. नाही जुळलं तर दोघांनी आपापल्या घरी.

घोळ असा होता की अस्खात लहानपणापासून ओरतेके नाचवत आलेला. आमच्याकडे बोकडाचा दोरा दोंब्रा वाजवणाऱ्याच्या बोटाला बांधलेला असतो. बोट हललं की बोकड नाचला. बोकडाकडे बघायची गरजच काय? त्याला माहीत होतं की बोकड त्याच्या मागे येतो. आता पहिल्यांदाच त्याला बोकडाच्या मागे जायचं होतं. पडद्याकडे बघितलं की हात अडखळायचा. नाही बघितलं की चुकायचा.

संगीताच्या बाई, राउशान आपाय, म्हणाल्या, "बाळा, ह्या बोकडाचा दोरा तुटलाय. तो आता त्याच्या मनाचा राजा."

"मग आपाय, दोंब्रा पण त्यालाच द्या."

आपाय हसल्या. ऊलझान नाही हसली.

संध्याकाळी सांस्कृतिक भवन गच्च भरलं. ऊलझानची आई बाउरसाकची, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची, परात घेऊन पहिल्या रांगेत. तळणीचा वास स्टेजपर्यंत येत होता. दिवे मालवले. ऊलझान प्रोजेक्टरपाशी बसली होती, ती उठून अस्खातच्या कानाशी आली.

"पडद्याकडे बघू नकोस. डोळे मीट आणि वाजव."

"आणि चुकलं तर?"

"मी आहे ना. वाजव रे गाढवा."

त्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं. टक, टक, टक. पहिल्याच ठोक्याला खूर त्याच्या तालावर! त्यानं लय वाढवली, खूर धावले. मध्येच त्यानं चेष्टा म्हणून एक गिरकी घेतली, तर खुरांनीही घेतली. आज बोटांना काय झालंय, त्यालाच कळेना. शेवटी उडीचा ठोका. खूर आणि तार एकदम. टाळ्या, शिट्ट्या, पायांचा दणदणाट.

त्यानं डोळे उघडले.

पडद्यावर पिक्चर नव्हताच. नुसता पांढरा उजेड होता आणि त्यात बोकडाची भलीमोठी सावली. प्रोजेक्टरसमोर खुर्चीवर डफ, डफावर ओरतेके, आणि त्याचा दोरा ऊलझानच्या बोटाला.

लोक उभे राहिले होते. तिची आई शेजारणीला कोपरानं ढोसत होती, "बघितलंस? माझ्या पोरीनं केलंय!" आणि पोरीनं सुट्टीभर जे केलं होतं, ते तर कुणी बघितलंच नव्हतं.

अस्खात उठला. "आपाय, आता पिक्चर लावा. आवाज बंद करून."

"आणि तू काय करणार?"

"बघणार."

दोंब्रा खाली ठेवून तो पहिल्या रांगेपुढे जमिनीवर बसला. ऊलझानच्या आईनं न विचारता त्याच्या हातात बाउरसाक कोंबला. ऊलझान येऊन शेजारी बसली, पण त्याच्याकडे बघेना.

पिक्चर सुरू झाला. हात मोकळे ठेवून तो पहिल्यांदाच बघत होता. बोकड नाचत, मिरवत काठाशी आला आणि थांबला. मान किंचित खाली गेली. त्यानं दरीत बघितलं. पुढचा एक पाय उचलला, परत टेकवला. मागून एक चिमुरडी ओरडली, "मार ना उडी!"

आणि त्यानं मारली. सगळ्या हॉलनं श्वास सोडला.

"अगं, तो घाबरलाय," अस्खात म्हणाला.

"मग एवढे दिवस मी काय सांगत होते?"

"बरोब्बर आहे, एवढंच म्हणायचीस. घाबरलाय असं कधी म्हणालीस?"

"एकदा नीट बघितलं असतंस तर सांगावं लागलं नसतं."

त्यानं हातातला बाउरसाक अर्धा मोडून तिला दिला. तिनं घेतला.

"आपाय म्हणाल्यात, सकाळी रेकॉर्डिंग आहे," ती खात खात म्हणाली. "तिथे काठावर काय वाजवणारेस?"

"काही नाही. त्यानं उडी मारेपर्यंत तारांवर हात ठेवून गप्प बसेन. शब्द देतो."