चेनमनची पोर

सोप्या गटाच्या यादीत सरूचं नाव नव्हतं. तिनं बोट फिरवत यादी दोनदा पाहिली. मग शेजारची कठीण गटाची यादी पाहिली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. सात नंबरला लिहिलं होतं: सरू कारभारी वाघ, एकटी.

“मॅडम, काहीतरी चुकलंय,” ती नावनोंदणीच्या टेबलामागच्या नजमा मॅडमना म्हणाली. “मी आणि अण्णा सोप्या गटात असतो. जोडीनं.”

“चुकलं काही नाही. तुझ्या वडिलांनीच काल येऊन नाव बदललं. स्वतःचं तर काढूनच टाकलं.” मॅडमनी घड्याळ पाहिलं. “आठ वाजता यादी बंद. हरकत असेल तर तोवर सांग, नाहीतर इथं सही कर.”

लष्करी छावणीमागच्या माळावरच्या या शर्यतीत हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, झाडाझुडपांत दडवलेल्या झेंड्या क्रमानं शोधायच्या, प्रत्येक झेंडीपाशी कार्डाला भोक पाडायचं आणि सगळ्यांच्या आधी परत यायचं. सोप्या गटात दोघांनी मिळून धावायची मुभा होती. कठीण गटात ज्याचं त्यानं बघायचं. पण राज्याच्या संघात जायचं तर कठीण गटात पहिल्या तिघांत यावं लागे, आणि सरूच्या वयाला ही शेवटचीच संधी होती. संघाच्या निळ्या शर्टाची तिला स्वप्नं पडत. पण अण्णांशिवाय? छे! अण्णा म्हणजे मोजणी खात्यातले चेनमन. तीस वर्षं जिल्ह्यातली शेतं, बांध, ओढे साखळी टाकून मोजलेला माणूस. त्यांच्या जिवावर ती बिनधास्त पळायची. आपण वाट चुकलो तर मागून अण्णांची हाक येईल, याची तिला खात्री होती. ती हाक चार वर्षांत कधी आली नव्हती. म्हणजे आपण धरलेली वाट शेवटी बरोबरच निघते, असं तिचं सरळ गणित.

अण्णा लिंबाखाली उकिडवे बसले होते. सरू तरातरा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“मला न विचारता नाव बदललंत?”

“इचारलं आसतं तर नाय म्हणली आसतीस.”

“मग? नाहीच म्हणणार! तुम्ही नसलात तर नकाशा कोण बघणार?”

“आजवर बघत आली ती बघंल.”

“अण्णा, थट्टा नको. माझं चुकलं तर सावरायला तुम्ही असता.”

अण्णांनी काडीनं मातीत दोन रेघा ओढल्या आणि पुसल्या. मग मान वर न करताच म्हणाले, “सरू, मला नकाशा वाचता येत नाय.”

तिला आधी हसूच आलं. मग अण्णांचे लालबुंद झालेले कान दिसले आणि हसू जागच्या जागी थिजलं.

“नकाशा साहेबापाशी ऱ्हायचा,” अण्णा सांगू लागले. “साहेब हात करायचे, डावीकडं सरक. सरकायचं. साखळी वढ म्हणले का वढायची, हद्दीचा दगड उकर म्हणले का उकरायचा. तीस वर्षं तेच केलं. नकाशात काय आसतं ते कुणी दाखवलं नाय, अन् म्याबी कुणाला इचारलं नाय.”

“आणि दर फाट्यावर मला ‘आता कुठं?’ विचारायचात, ती परीक्षा नव्हती?”

“परीक्षा कशाची? कळत नव्हतं म्हणून इचारायचो.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भावकीत कुठं बांधाचं भांडण झालं की लोक आधी अण्णांकडे येत. अण्णा गंभीर चेहरा करून “सरकारी मोजणी मागवा” एवढंच सांगत, आणि लोक मान डोलावून जात. चेनमन म्हटल्यावर त्याला नकाशा येणारच, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. घरातल्यांनीसुद्धा. सरूला भयंकर राग आला, सख्ख्या बापानं फसवल्याचा.

“इतकी वर्षं गप्प बसलात, मग आजच का सांगता?”

“आज नाय सांगितलं तर तू मह्यापायी सोप्यातच म्हातारी व्हशील.”

आठला दोन मिनिटं असताना ती टेबलापाशी परतली. नजमा मॅडमनी पेन पुढं केलं. जोडीला घ्यायला आता होतंच कोण? सरूनं कठीण गटापुढं सही केली, ती हिमतीनं नव्हे, रागानं.

सुरुवातीच्या रेषेवर मात्र रागही पुरेना. आणि अचानक तिला पहिल्या वर्षीची शर्यत आठवली. ती म्हैसमाळच्या जंगलात होती. भर दुपारी असं धुकं उतरलं की समोरचं झाड दिसेना. दीड तास दोघं भटकत होते. सोळा वर्षांची सरू रडकुंडीला आलेली, आणि अण्णा एका दगडावर बसून शांतपणे तंबाखू मळत म्हणाले होते, “घाई नाय. तू सांग, कुठं जायचं.” त्यांची ती शांतता बघूनच तिला धीर आला होता. ती शांतता खोटी कशी असेल? त्या दिवशी तरी त्यांना ठाऊक असणारच!

ती गर्रकन मागं वळली.

“अण्णा! म्हैसमाळला तरी तुम्हाला वाट ठाऊक होती ना?”

पंचांनी शिट्टी तोंडाला लावली होती. दोरीपलीकडून अण्णांनी ओरडून सांगितलं, “कशाची वाट? तुझ्या मायला आता काय तोंड दाखवावं, ह्या इचारात बसलो व्हतो म्या! त्या धुक्यातनं दोघांलाबी तूच घरी आणलंस!”