डोलकाठीवरचा दिवा

समीक्षाने गाडीतून टूलबॉक्स काढला आणि वळली, तर समोर तिचे वडील उभे. अंगात वॉचमनची खाकी वर्दी, हातात कुणाचे तरी चिखलाचे बूट.

दिवाळीनंतर ती गावी, औंढ्याला, गेली नव्हती. वडील पवना धरणाच्या काठी, बोटींच्या या धक्क्यावर कामाला लागल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते भातशेतीच करतायत असं ती धरून चालली होती. सोबत काम करणाऱ्या निलेशच्या समजुतीप्रमाणे मात्र ते लोणावळ्याचे निवृत्त स्टेशनमास्तर होते. तसं तिनेच सांगितलं होतं, मुंबईच्या वर्कशॉपमध्ये नवी असताना, उगाच. आता निलेशशी लग्न ठरत आलं होतं आणि ते 'उगाच' अंगाशी आलं होतं.

निलेश शेजारीच वायरची बंडलं उतरवत होता.

"हे आमचे धोंडिबा," बोटीचे मालक अतुल म्हणाले. "औंढ्याचे." आणि तिच्याकडे हसून बघत राहिले.

समीक्षाने टूलबॉक्स दुसऱ्या हातात घेतला. "नमस्कार, काका."

धोंडिबांनी तिच्याकडे पाहिलं, मग निलेशकडे. बूट खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

"नमस्कार, म्याडम."

बोट लहानशी, शिडाची. आत जेमतेम वाकून बसता येईल एवढी केबिन. समीक्षाने फळी उचकटली. जुन्या वायरी हिरव्या पडल्या होत्या, हात लावला की पापुद्रे गळत होते. सगळंच बदलायला हवं होतं. ती आत शिरली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. फ्यूजचा डबा नवा बसवला, बॅटरीपासून नव्या वायरी ओढल्या, पाणी उपसायचा पंप जोडला. काम संपू नये असंच तिला वाटत होतं.

बाहेर निलेश चहा घेत होता. त्याचा आवाज आत येत होता.

"काका, मुलंबाळं?"

"येक पोरगी हाय."

"काय करते?"

"लय शिकली," धोंडिबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "लांब असती."

हातातली पक्कड तिने उगाचच पुसली.

दुपारनंतर डोलकाठी उतरवून धक्क्यावर आडवी घातली. टोकाच्या दिव्याची वायर पोकळ काठीच्या आतून न्यायची होती. समीक्षाने जुन्या वायरीला नवी बांधली. निलेश बॅटरीपाशी होता. दुसऱ्या टोकाला वायर ओढायला धोंडिबा बसले.

"वढू का, म्याडम?"

"हळू ओढा."

ते ओढत होते, ती सोडत होती. एकाच वायरीची दोन टोकं दोघांच्या हातात होती आणि दोघंही खाली बघत होते. जुनी वायर मध्येच अडकली. धोंडिबांनी हिसका दिला, तशी तांब्याची तार त्यांच्या तळव्यात घुसली. रक्त आलं.

समीक्षा अर्धी उठली. मग निलेशला हाक मारून म्हणाली, "टूलबॉक्समध्ये पट्टी आहे. तू बांध त्यांना."

निलेशने पट्टी बांधली. "दुखतंय का हो?"

"न्हाई न्हाई. आमच्या हाताला काय हुतंय?" धोंडिबा हसले. तिच्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

तिची मान वर होईना.

उन्हं उतरली तेव्हा काठी परत उभी राहिली. समीक्षाने बटण दाबलं. टोकावर पांढरा दिवा लागला. अतुलनी टाळ्या वाजवल्या. धोंडिबा मान वर करून बघत राहिले, आणि मग गेटकडे चालू लागले. पट्टीचा हात त्यांनी छातीशी धरला होता.

ती त्या पाठीकडे बघत राहिली. आत काहीतरी असह्य झालं.

"साहेब," ती अतुलना म्हणाली. निलेशही ऐकत होता. ऐकू देत, असं तिने ठरवलं. "मी सकाळी ओळख दाखवली नाही. मला लाज वाटली. धोंडिबा माझे वडील आहेत."

निलेशचा वायर गुंडाळणारा हात थांबला.

अतुलनी गेटकडे पाहिलं.

"तुमच्या वर्कशॉपचा पत्ता मला त्यांनीच दिला," ते हळूच म्हणाले. "'माझी पोरगी बोटींचं लाईटचं काम करती, तिलाच बोलवा,' म्हणून माझ्या मागेच लागले होते. सकाळी तुम्ही केबिनमध्ये शिरलात, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हीच का ती? तर म्हणाले, न्हाई साहेब. माझी पोरगी मला बघितलं की लांबनंच पळत येती."