झंपरचा नंबर

“तुमची ओळख पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही कळणार नाही,” तृतीयपंथीयांवर संशोधन करणाऱ्या मॅडमनी अर्पिताला वचन दिलं. घर सापडावं म्हणून त्यांनी ताडकळसच्या अख्ख्या बाजारात “तृतीयपंथी अर्पिता कुठं राहतात?” एवढंच काय ते विचारलं होतं. गावाला आजवर ती झंपर शिवणारी बाई म्हणूनच ठाऊक होती. लगीनसराईत तिच्याकडं नंबर लागत नसे. मॅडमची जीप गेली आणि बाया येऊ लागल्या. जी ती आपलं कापड उचलून मुकाट निघायची. संध्याकाळपर्यंत फळी रिकामी झाली. आता खोलीही जाणार, हे अर्पितानं ओळखलं. तेवढ्यात घरमालकीण भिवराबाई काठी टेकत आल्या. त्यांनी आतून कडी घातली. “समद्या गेल्या?” “गेल्या, मावशी.” पदराखालून कापड निघालं. “मंग आता नंबर माझाच ना? झंपर उद्याच्याला दे. बाही तेवढी ढिली ठेव, माय.”