बिनतुपाची पंगत

"मठ्ठ्यात ताक नको, मग मठ्ठा करू कशाचा?" गेणभाऊ आचाऱ्याने झारा कढईवर आडवा ठेवत विचारलं.

दुपारी भगवंताच्या लेकीचं लग्न होतं. मांडवामागे चुली पेटल्या होत्या.

"मठ्ठा ऱ्हाऊ द्या," भगवंत म्हणाला. "बुंदीचा पाक दूध घालून साफ करू नका. आन् भातावर तूप न्हाई, तेल वाढा."

"तुमचा गोठा जर्शी गायांनी भरलेला, भगवंतराव. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते भगवंताला ठाऊक होतं. आपण काय सांगायचं, तेच त्याला उमगत नव्हतं.

पंधरवड्यापूर्वी होणारा जावई पुण्याहून एकटाच निरगुडसरला घरी आला होता. ओट्यावर बसून खाली बघत म्हणाला होता, "मामा, एक मागणं आहे. लग्नाच्या जेवणात दूध, दही, तूप काहीच नको. मी खात नाही." डॉक्टरने सांगितलंय का, म्हणून भगवंताने विचारलं. नाही. कुणा महाराजांचा नेम? तेही नाही. मोटारसायकल मागणारे जावई त्याने पाहिले होते. तूप नको म्हणणारा हा पहिलाच. डेअरीतून येणाऱ्या दुधाच्या पगारावर त्याने घर बांधलं होतं, लेकीला, शीलाला, कॉलेजात शिकवलं होतं. त्याच दुधाचा या पोराला कसला विटाळ? पण बायको सरूबाई म्हणाली, "पोरीला त्याच घरात नांदायचंय. ऐका त्यांचं." त्याने ऐकलं.

अक्षता पडल्या. पाहुण्यांच्या पंगती उठू लागल्या. तेवढ्यात विहीणबाई हळूच जवळ आल्या.

"व्याही, वाटीभर दही मिळंल का? आमच्या पोराला दह्याबिगर भात जात न्हाई."

त्या थट्टा करताहेत, असं आधी भगवंताला वाटलं. पण त्यांचा चेहरा साधा होता. त्याने जावयाला हाताला धरून मांडवाबाहेर, पाण्याच्या टँकरमागे नेलं.

"तुमी दही खाता?"

जावयाने वळून मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला सगळं चालतं, मामा. शीलाला चालत नाही. तीन वर्षं झाली तिनं सोडून."

"आन् मला का न्हाई बोलली?"

"ती म्हणाली, आप्पांना वाटेल त्यांच्या कष्टावर पोर थुंकली. म्हणून मी माझ्या नावावर घेतलं."

"पर सोडलं कशापायी?"

"तुमच्या गोठ्यातला तो गोऱ्हा. तिनं हातानं पाजून वाढवलेला. ती परीक्षा देऊन आली तर दावं रिकामं होतं. जनावरांचा व्यापारी घेऊन गेला होता."

भगवंत आठवू लागला. काळा होता, की बांडा? कोणत्या गाईचा? गोऱ्हे दूध देत नाहीत. दर वर्षी एखाद-दुसरा विकला जायचाच. त्याला तो गोऱ्हा काही केल्या आठवेना. शीलाने तीन वर्षं कोरा चहा घेतला, कोरडी भाकरी खाल्ली. तेही त्याला कधी दिसलं नव्हतं.

मांडवात शेवटची पंगत बसली होती. शीला नवऱ्याशेजारची जागा धरून खाली मान घालून बसली होती. समोर भगवंताचा चुलतभाऊ बहिरू होता. भगवंत भाताची परात आणि तेलाचं भांडं घेऊन आला, तसा बहिरू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दूधवाल्याच्या मांडवात तूप न्हाई. जावयानं लई खूळ काढलं राव."

शीलाचा हात पानावरच थांबला. जावई काही बोलणार होता. भगवंताने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. एका गोऱ्ह्यापायी माणूस दूध कसं सोडतं, हे त्याला अजूनही नीट कळलं नव्हतं. त्याने परात खाली ठेवली, लेकीच्या पानात भात वाढला, त्यावर तेलाची धार सोडली.

"जावयाचं काय न्हाई त्यात," तो बहिरूला म्हणाला. "माझी लेक खात न्हाई."