जाताना वाकडे, येताना सरळ

"पुन्हा माझी पाठच का? माझ्या तोंडाने तुझं काय घोडं मारलंय?" खांद्यावरून बॅग उतरवत नवरा पुटपुटला.

"तोंड घरी रोज बघतेच की," ती म्हणाली आणि ट्रायपॉडचे पाय घट्ट करू लागली.

पन्नाशीला टेकल्यावर ती फोटोग्राफी शिकली, तीही मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, भाजी परतता परतता. त्यातली नजर ओढून नेणाऱ्या रेषांची गोष्ट तिच्या डोक्यात अशी बसली की विचारू नका. कुंपण, पायवाट, कालव्याची भिंत. रेघ दिसली की ही तिथे ठाण मांडणार. रेषा नजरेला हाताला धरून आत नेते, मग आत कोणीतरी भेटायला हवं. ते कोणीतरी म्हणजे नवरा. फुकटचा आणि हाताशी असलेला.

फक्त हा रेषेवर राहत नसे. रस्ता इकडे, तर नवरा तिकडे. 'नाकासमोर चालणारा मुलगा' म्हणून सगळ्यांनी तिच्या गळ्यात मारलेला माणूस! फोटोग्राफी मंडळातले परीक्षक दरवेळी तेच म्हणत, "रेषा सुंदर, माणूस चुकला." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

आज तळ्यातला लाकडी धक्का होता. त्याच्या दोन्ही कडा पाण्यात दूर जाऊन एकमेकींना भेटत होत्या. लेकीने भल्या पहाटे गाडी काढली होती. हल्ली गाडी तीच चालवी. तिचा हात बसायला हवा, असं तिघांचं ठरलं होतं. बाबांना पेपरही तीच वाचून दाखवी. तिचं वाचन सुधारायला हवं, असंही ठरलं होतं. लेक शाळेत भाषा शिकवायची.

"अहो, मधल्या फळीवरून! नाकासमोर!"

नवरा निघाला. पहिली काही पावलं बरी पडली, मग तो उजवीकडे कलला.

"डावीकडे! अहो, डावीकडे!"

तिने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. कडा, ढग, उजेड, सगळं जागच्या जागी होतं. त्याचा अर्धा बूट फळीच्या बाहेर, पाण्यावर आला. तोही तिला दिसला. आणि या बाईच्या मनात आलं काय, तर बूट छान उठून दिसतोय.

"बाबा, थांबा!" लेक किंचाळली.

तो थांबला. तेव्हा कुठे हिचा डोळा कॅमेऱ्यावरून सुटला.

"या परत! काय मेलं ते चालणं! पोहायला आलाय का? एक फोटो धड होऊ देतील तर शपथ..." ती बोलतच सुटली. थांबली तर काहीतरी विचारावं लागलं असतं.

तो वळला आणि मधल्या फळीवरून तिच्यापर्यंत आला. सरळ, दरवेळी यायचा तसा.

"बघ," ती लेकीला म्हणाली, "जाताना वाकडे, येताना कसे सरळ! चहाचा थर्मास माझ्याकडे असतो ना."

या विनोदावर एरवी तिघंही हसत. आज लेक हसली नाही.

नवऱ्याने थर्माससाठी हात पुढे केला. तो जरा अलीकडेच, हवेत थांबला.

"जाताना मला रेघ दिसतच नाही गं," तो म्हणाला. "येताना तू ओरडत असतेस."