कडव्यानंतरचं

बोईसरला धीरज एका सॉफ्टवेअरमध्ये गाणी रेकॉर्ड करायचा, पालघरला मेहुणी वैष्णवी दुसऱ्यात मिक्सिंग करायची. बायको शकू स्टुडिओच्या जिन्यावरून पडून गेली. तेराव्याला लावायला तिचं शेवटचं हळदीचं गाणं धीरजने वैष्णवीला पाठवलं. "कडव्यानंतरचं कापलंय," म्हणाला.

पण घाईत त्याने मूळ फाइलच पाठवली होती, आणि एका सॉफ्टवेअरमधली कापाकापी दुसऱ्यात येत नाही. वैष्णवीकडे अख्खं रेकॉर्डिंग उघडलं. कडवं संपलं आणि शकू किंचाळली, "नको! तो स्टँड खाली ठेवा!" मग लोखंडाचे घाव, तिचं कण्हणं थांबेपर्यंत.

वैष्णवीने आपल्या माइकचा स्टँड हातात घेतला आणि फोन लावला.

"भावोजी, गाणं तयार हाय, ऐकायला या. आमचा पण जिना वाईटच हाय."