पाटीची भोकं

"चार भोकं पाडावी लागतील," पनवेलहून आलेला मेकॅनिक ड्रिल काढत म्हणाला. मासे शोधायचं यंत्र हौसाच्या होडीला मागच्या फळीवर बसवायचं होतं. हौसाने त्याचा हात धरला. "बापाच्या हातची होडी हाय. नवीन भोक नाय पाडायचं." त्याच फळीवर गेल्या महिन्यात बंदराच्या साहेबांनी पत्र्याची पाटी मारली होती: 'खाडीत मासळी शिल्लक नाही. होडी हटवावी.' हौसाने पाटीचे दोन्ही स्क्रू काढले, त्याच भोकांत सागाची पट्टी पक्की केली आणि पट्टीच्या पाण्यातल्या टोकाला यंत्राचा सेन्सर बसवला. दुसऱ्या दिवशी ती खाडीतून परतली, तेव्हा साहेब धक्क्यावर उभे होते. "आमची पाटी कुठाय?" "हाय ना. भोकं तुमीच पाडलेली, आमी वापरली." पाटी त्यांच्या पायाशी ठेवून हौसा तिच्यावरच ताज्या जिताड्याचे खवले काढू लागली. 'शिल्लक नाही' आधी खवल्यांखाली गेलं.